खुंटीवरची गोधडी

मी, कोंडाबाई सावळेराम बोऱ्हाडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार शिनोली, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, पडद्यावरचं नाव शीला शिनोलीकर, व्यवसाय सासू, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे. मजकूर मी सांगितला आणि घोडेगावच्या वकीलबाई प्रज्ञा गायकवाड यांनी उतरवून घेतला. त्यांनी काही वाक्यं गाळायला सुचवलं होतं, ती मी राहू दिली आहेत.

कलम १. माझे पती सावळेराम, एसटीत कंडक्टर, वारले. मुलगा एकच, बाळासाहेब, पुण्यात असतो. त्याची लग्नाची बायको सोनल इथे माझ्यापाशी असते. पुण्यात त्याचा दुसरा संसार आहे. गावाला ते ठाऊक आहे, तेव्हा कागदावर आडपडदा कशाला?

कलम २. शिनोलीचं राहतं घर, चतुःसीमा सोबत जोडलेल्या कागदाप्रमाणे, माझ्या स्वकष्टाचं आहे. उद्या कोणी वडिलोपार्जित म्हणून हक्क सांगू नये, म्हणून ते कसं झालं ते लिहून ठेवते.

माझं माहेर घाटघर. एका सुगीला मी माहेरी असताना नाणेघाटाच्या बाजूला शूटिंग आलं. त्यांची माणसं दिव्यांचे स्टँड घेऊन आमच्या नुकत्याच सारवलेल्या खळ्यावर चढली, पायात चपला तशाच. खळ्यावर आम्ही चपला घालत नाही, तिथे वर्षाचं भात पडायचं असतं. मी जागची उठले नाही, आवाजही चढवला नाही. फक्त त्यांच्या आईने त्यांना काय शिकवलं याची सावकाश चौकशी केली. माणसं चपला हातात घेऊन खाली उतरली. दिग्दर्शक ऐकत होते, ते म्हणाले, आपली सासू सापडली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माझी स्वतःची सासू, साळुबाई, मला पाण्यात पाहत होती. केसांना पांढरी पावडर लावली ती केस खरोखर पिकेपर्यंत लावत राहिले. त्या पावडरीवर हे घर उभं आहे.

कलम ३. सूप. त्या पिच्चरमध्ये मी तांदूळ पाखडत सुनेशी बोलते, ते सूप साळुबाईंचं. बोलण्याची ढबही त्यांचीच: सूप थांबवायचं, सुनेकडे बघायचं नाही, एक खडा वेचून बाजूला टाकायचा आणि मग बोलायचं. जत्रेतल्या तंबूत त्यांनी तो पिच्चर पहिल्या रांगेत बसून पाहिला. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बोललीस माज्यावानी. पर मी तांदूळ इतकं सांडत नव्हते." माझ्या कामाची याहून चांगली परीक्षा कोणी केली नाही. सूप सोनलने घ्यावं. ते वापरात राहावं, काचेच्या कपाटात जाऊ नये.

त्या सुपाबरोबर जे वाक्य गाजलं, तेही इथे लिहिते, कारण पुढे त्याचं काम आहे: "उंबऱ्याच्या आत आलीस म्हणून घर तुझं झालं नाही. पाहुणी आहेस, पाहुणीसारखी राहा." हळदीकुंकवाला बायका ते मला म्हणायला लावायच्या आणि हसून लोटपोट व्हायच्या. घोडेगावच्या बाजारात मात्र एकीने माझा हात धरला. तिची सासू हेच वाक्य रोज म्हणते, असंच थांबून म्हणते, असं तिने सांगितलं. ती तक्रार करत नव्हती, कौतुकानेच सांगत होती, आणि म्हणून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी काम चोख केलं, त्याची मला लाज नाही. पण लोकांनी पिच्चरच्या शेवटी सासू एकटी पडते ते तंबूतच ठेवलं आणि वाक्य तेवढं घरी नेलं. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

कलम ४. माजघरातल्या खुंटीवरची गोधडी माझी नाही, माझ्या मालमत्तेत धरू नये. ती पारगावच्या लंकाबाई ढोबळे यांची, म्हणजे सोनलच्या आजीची. नव्या नवरीबरोबर माहेरची एखादी बाई पाठराखीण म्हणून चार दिवस राहते, ही आपली रीत. लंकाबाई वैशाखात आल्या त्या दिवाळीला गेल्या. अख्ख्या पारगावने पिच्चर पाहिला होता. माझ्या हातचं सोनलच्या ताटात पडायच्या आधी त्या स्वतः चाखून बघायच्या. मी गोड बोलले की जास्त सावध व्हायच्या. मला राग आला होता, आणि आतून थोडा अभिमानही वाटला होता. एवढी दाद कुणाला मिळते? जाताना त्यांनी अंथरुणाची गोधडी घडी करून खुंटीवर टाकली. म्हणाल्या, "माजी नात हितं पाहुणी नाय, असं ज्या दिवशी दिसंल, त्या दिवशी नेईन." त्या दर सणाला येतात, गोधडी झटकतात, परत टांगतात. ती त्यांना पोचती करावी.

कलम ५. स्मारक. यंदा अक्षय्य तृतीयेला बाळासाहेब स्मारक समितीची चार माणसं घेऊन आला. माझ्या पश्चात या घरात माझं स्मारक, ओसरीवर माझा सूप घेतलेला पुतळा, अध्यक्ष तो. आमरस वाढताना सोनलने विचारलं, मग मी कुठे राहायचं? बाळासाहेबाने वाटी खाली ठेवली, तिच्याकडे न बघता थांबला आणि म्हणाला, "तू पाहुणी आहेस." माझंच थांबणं, माझाच सूर. समिती हसली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघू लागली. सोनल आत गेली. मी पन्नास वर्षं ज्या वाक्यावर टाळ्या घेतल्या, ते माझ्याच घरात माझ्या सुनेला लागलं. मला ते फार लागलं.

सबब, या घरात स्मारक होणार नाही. पुतळ्याला माझी परवानगी नाही. बक्षिसं, ढाली, शाली आणि फोटो सगळे बाळासाहेबास द्यावेत. तो माझा मुलगा आहे, माझी माया आहेच. स्मारक करायचं तर त्याने पुण्याच्या फ्लॅटात करावं, तो फ्लॅट मी त्याला आधीच दिलेला आहे.

कलम ६. शिनोलीचं घर, ओसरी, परसातल्या दोन आंब्यांसह, माझ्या पश्चात सोनल बाळासाहेब बोऱ्हाडे हिच्या एकटीच्या मालकीचं होईल. तिने नवऱ्याला घरात घ्यावं की नाही, हे तिने ठरवावं. तो आला, तर तो पाहुणा.

कलम ७. दशक्रियेला घाटावर पुढाऱ्यांची भाषणं नकोत. लोक कावळ्यासाठी आलेले असतात, त्यांना उन्हात ताटकळत ठेवू नये. बोलायचंच झालं तर लंकाबाईंनी बोलावं. त्या खरं बोलतील.

वरील मजकूर मला आणि दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. लंकाबाईंनी कलम ६ पुन्हा वाचायला लावलं.

ठिकाण: शिनोली. दिनांक: २७ ऑक्टोबर २०२४

लिहून ठेवणार: कोंडाबाई सावळेराम बोऱ्हाडे (सही)

साक्षीदार:
१. ज्ञानेश्वर खंडू काळे, निवृत्त शिक्षक, शिनोली (सही)
२. लंकाबाई बहिरू ढोबळे, पारगाव (डाव्या हाताचा अंगठा)

दुरुस्ती, सर्वांसमक्ष: अंगठा पुसून होताच साक्षीदार क्रमांक दोन यांनी माजघरात जाऊन खुंटीवरची गोधडी काढून काखेत घेतली आहे. सबब कलम ४ ची आता गरज नाही, ते रद्द समजावं. (को. सा. बो.)