तेवढा वेळ मूग तू गिळ

प्रिय दादा,

‘नर्सिंगला गेलीस, तर रुग्णांपुढेही मूग गिळून बसशील, त्यापेक्षा फार्मसी घे,’ हे तुझे म्हणणे मला पटले होते. तरीही काल नर्सिंग महाविद्यालय पाहून आले.

तेथील वॉर्डात सिस्टरांनी आम्हां मुलींना एका आजोबांची नाडी मोजायला सांगितली. आधीची मुलगी त्यांची आपुलकीने विचारपूस करत होती; तिचा आकडा दोनदा चुकला. मी मनगट धरून गप्प उभी राहिले. आकडा बरोबर आला, तरी आजोबा हात सोडेनात.

‘‘हिला राहू द्या जरा,’’ ते म्हणाले, ‘‘हिच्यापाशी बरं वाटतं.’’

आज नर्सिंगलाच प्रवेश घेतला. मनावरचे मणाचे ओझे उतरले आहे.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. संध्याकाळी फोनवर स्वतःच सांगेन. तेवढा वेळ मूग तू गिळ.

तुझी,
घुमी