दोन व्याही आणि सहा वॉकीटॉकी

दिंडोली, सुरत
ता. १७ मार्च १९९६

तीर्थस्वरूप दगामामांच्या चरणी योगराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या भाच्याची नोकरी वाचली. मामींचा गुडघा कसा आहे, म्हैस दूध देते का, हे विचारायचं आहेच. पण आधी हे सांगून टाकतो, म्हणजे तुमचाही जीव भांड्यात पडेल. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंगखात्याचे मास्तर सुकदेवकाकांनी मला चिकटवलं ते तुमच्याच शब्दावर ना!

झालं असं. मशिनांच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही म्हणून शेठनी कुठूनशा सहा जुन्या वॉकीटॉकी आणल्या आणि माझ्या गळ्यात मारल्या. (मी रेडिओ दुरुस्त करतो, हे तुम्हीच कौतुकाने सांगितलं होतं.) या जुन्या संचांची खोड अशी, की गरम झाले की प्रत्येकाचा सूर थोडा इकडे नाहीतर तिकडे सरकतो. दोघांचा सूर जुळला नाही की एक बोलतो आणि दुसऱ्याला नुसती खरखर. शनिवारपर्यंत चालू झाल्या नाहीत तर गावचा रस्ता धर, असं शेठनी सांगून टाकलं.

मी प्रत्येकाला संचावरचा बारीक स्क्रू दाखवला आणि म्हटलं, समोरच्याचा आवाज स्वच्छ येईपर्यंत फिरवा. इथेच माती खाल्ली. बॉयलरवर भटूआप्पा आणि रंगखात्यात सुकदेवकाका, आणि हे दोघे एकमेकांचे व्याही! आप्पा मुलीकडचे. व्याह्यांना कशाला तोशीस म्हणून ते काकांच्या सुराकडे सरकले. काकांनाही माणुसकी आहे. तेही त्याच वेळी आप्पांच्या सुराकडे निघाले. म्हणजे हे तिकडे, ते इकडे, आणि भेट काही नाही. असे चार दिवस! शुक्रवारी वाफ वाढवायचा निरोप पोचलाच नाही आणि साड्यांचा एक अख्खा लॉट फिका पडला. मामा, त्या दिवशी मला डबा गेला नाही.

शनिवारी सकाळी मात्र अक्कल आली. कुणी कुणाकडे सरकायचंच नाही. शेठचा संच पंख्याखाली टेबलावर असतो, तापत नाही, म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही आणि बाकी पाचांनी त्याच्याशीच सूर जुळवायचा. (शेठपुढे वाकायला दोन्ही व्याह्यांना कमीपणा नव्हता.) पंधरा मिनिटांत खरखर गेली आणि आप्पांचा आवाज खणखणीत आला, "याही, जेवन व्हयनं का?" सकाळचे साडेनऊ वाजले होते. मला तर रडूच फुटलं. शेठनी पाठ थोपटली आणि त्याच दिवशी मला कायम केलं. काल रात्री आठवडाभरानं झोप लागली.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
योगराज

ता.क. : सगळं ठीक आहे, फक्त शेठचा संचच मुळात चुकीच्या सुरावर निघाला. बाकीचे पाचही त्याच्याइतकेच चुकलेत, म्हणून तर आम्हाला एकमेकांचं ऐकू येतं. शेजारच्या मिलच्या वॉचमनलाही येतं. आप्पा जेवले की नाही, हे आता तोच मला सांगतो.

आणखी एक : पंचवीस तारखेला सरकारी साहेब सूर मोजायचं मीटर घेऊन वॉकीटॉकींच्या तपासणीला येणार आहेत आणि त्यांच्यापुढे मलाच उभं करायचं ठरलंय. तेव्हा तेवीसला पोचेल अशी तार करा, की मामा फार आजारी, ताबडतोब निघ. 'वारले' मात्र लिहू नका. सुकदेवकाका तुमच्या मातीला म्हणून माझ्याबरोबरच गाडीत बसतील, आणि तुम्ही ओट्यावर चहा पिताना सापडाल.