बारका, मधला, जाडा

१८ नोव्हेंबर

टॉर्चच्या सेलने दगा दिला! ऐन वेळी, तेही हाल्वोरसमोर.

दुपारचे चार वाजून गेले होते, म्हणजे मिट्ट अंधार. पालिकेतून सिग्नीचा फोन – लाकडाच्या ट्रकने एल्क हरणाची मादी उडवली, मागचा पाय मोडलाय, लंगडत रानात शिरली. हाल्वोर आणि मी निघालो, पुढे माझा कुत्रा बाम्से. गाडीने जखमी केलेलं जनावर शोधायचं आणि त्याचे हाल संपवायचे, हे काम या खोऱ्यात मी तरुणपणापासून करतोय. पहिल्या टेकाडापर्यंत रक्त दिसलं. मग काहीच नाही. टॉर्च पूर्ण जोरात, आणि बर्फ नुसता राखाडी. मी म्हणालो, माग तुटला, वरून फिरून येऊ. हाल्वोर खाली वाकला. "अरे, तुझ्या बुटाखाली आहे की! रक्तावरच उभा आहेस तू!"

मी म्हणालो, सेल गारठला. ते खरंही आहे. उणे अठरात कुठलाही लिथियमचा सेल मान टाकतो.

मादी सापडली. गोळी हाल्वोरने घातली. त्याच्या हातात तीच जुनाट टॉर्च, बारक्या सेलची.

२० नोव्हेंबर

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिन्ही मापांचे सेल मांडले. बारका १८६५०, मधला २१७००, जाडा २६६५०. आकड्यांत जादू काही नाही. पहिले दोन म्हणजे जाडी, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये. शेवटचं शून्य नुसतं सेल गोल आहे म्हणून.

बारक्यात साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास मावले तर नशीब. मधल्यात पाच हजार, शिवाय प्रवाहही दणकून देतो, म्हणून हल्लीच्या जोरदार टॉर्च सगळ्या त्याच्यावरच. जाड्याचं पोट मोठं, पण भरणा मधल्याइतकाच, आणि खिशात धोंडा ठेवल्यासारखं वजन. थंडीत मात्र तो बरा – लवकर गारठत नाही. बाजारात बारक्यावर नऊ हजार छापलेलेही मिळतात! छापणाऱ्याला लाज नाही आणि घेणाऱ्याला डोकं नाही.

गुन्व्होर कॉफी ओतताना म्हणाली, "लग्नाआधी मला तरी एवढं निरखून पाहिलं होतंस का?" बायकोला काय कळणार. मधल्या मापाची नवी टॉर्च मागवली.

२९ नोव्हेंबर

टॉर्च आली. जेवण झाल्यावर कोठारामागे दोघं उभे राहिलो. झोत लांब जातो, कबूल. पण कडेला काहीच नाही! बनवणाऱ्याने झोत फार आवळलाय. नळीतून पाहावं तसं दिसतं.

गुन्व्होर म्हणाली, "कडेला काही नाही कसं? कुंपण दिसतंय. बर्चची झाडं दिसतायत. तो बघ शेजाऱ्यांचा बोका."

बोका मला दिसला नाही. निघून गेला असणार.

३ डिसेंबर

दिवसभर ढग. तीनला दिवस संपला. कशातच मन लागत नाही.

९ डिसेंबर

आजचा दिवस पुसून टाकता आला असता तर!

काल संध्याकाळी रेल्वेने एल्कचं पाडस उडवलं. या खेपेला आणखी एक नवी टॉर्च मागवून मी जाडा सेल घेतला होता. गारठू नये म्हणून घरापासून आतल्या सदऱ्यात, काखेपाशी ठेवलेला. उतरल्यावरच टॉर्चमध्ये घातला. सेल ऊबदार, टॉर्च नवी, सबब शिल्लक नाही. बाम्से डावीकडे ओढत होता. मला डावीकडे काही दिसेना, म्हणून मी त्याला उजवीकडे घेतलं. कुत्र्याचं ऐकायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही नव्यांना! मी ऐकलं नाही. नंतर हिमवर्षाव सुरू झाला आणि माग बुजला.

पाडस आज उजाडल्यावर सापडलं. डावीकडेच, ओंडक्यांच्या ढिगाला टेकून. जिवंत होतं. रात्रभर तसंच. मी जवळ गेलो तेव्हा त्याने कान हलवले.

हाल्वोर गाडीत येऊन बसला. मग म्हणाला, "टोरलाइफ, काल सेल गारठला नव्हता."

"नाही."

"तुझी टॉर्च माझ्या तोंडावर आली तेव्हा मी आंधळाच झालो होतो क्षणभर. आग ओकत होती ती."

"मग सेल मधेच बसला असेल."

"असेल बाबा," तो म्हणाला. हाल्वोर मला कधी बाबा-पुता करत नाही. शिव्या देतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० डिसेंबर

सेलला मीटर लावला. जवळजवळ भरलेला आहे.

२४ डिसेंबर

खारवलेल्या मटणाच्या फासळ्या, बटाटे, थोडी दारू. मुलीचा फोन येऊन गेला. छान चाललं होतं. मग मी ब्रेडकडे हात केला आणि दारूचा पेला पाडला. तो कोपरापाशीच होता म्हणे. गुन्व्होर पुसत पुसत म्हणाली, "या महिन्यातला हा तिसरा. डोळे दाखवून ये की रे."

मी म्हणालो, टेबल अरुंद आहे.

याच टेबलावर आम्ही पूर्वी आठ माणसं जेवायचो.

११ जानेवारी

सिग्नीचा फोन. जनावरासाठी नव्हता. "तू जरा विश्रांती घे या हिवाळ्यात. हाल्वोर पथकातल्या नव्या मुलीला घेऊन जाईल. बाम्सेला देशील ना?"

कुत्रा पाहिजे, माणूस नको! मी ताडकन म्हणालो, बाम्से माझ्याशिवाय काम करत नाही. खोटं आहे. बाम्से कुणाबरोबरही जातो. माझ्याबरोबर जायलाच हल्ली का कू करतो.

हाल्वोरनेच सांगितलं असणार. चाळीस वर्षांचा दोस्त. त्याच्या जागी मीही सांगितलं असतं, म्हणून राग आणखी येतो.

१४ जानेवारी

सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. कोठारामागे, भर अंधारात, तिन्ही टॉर्च ओळीने. बारकी, मधली, जाडी. तिन्ही सेल घरातून गरम आणलेले, चार्जरवरून नुकते उतरवलेले. मधलीचा उजेड बारकीच्या तिप्पट असायला हवा, मी स्वतः मांडलेलं गणित आहे ते.

तिन्ही सारख्याच. एक छोटा गोल, त्याच्याबाहेर काळोख.

पुन्हा लावल्या. पुन्हा सारख्याच. मग गुन्व्होरला बोलावलं आणि न सांगता एकेक लावली. ती चटचट सांगत गेली – "ही मिणमिणती, ही झकास, ही तिच्याहून थोडी कमी." एकदाही चुकली नाही. मग म्हणाली, "आणि तुला?"

मी म्हणालो, मलाही तसंच. आणि मला इतकी भीती वाटली की हातातली टॉर्च विझवायचंही सुचेना.

१५ जानेवारी

बाम्सेला हाल्वोरकडे सोडून आलो. दारातूनच परतलो.

२ फेब्रुवारी

गुन्व्होरने एल्व्हेरूमच्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. मी फोन करून ईस्टरनंतरची मागितली. तिला सांगितलं, डॉक्टरांनीच पुढे ढकलली.

डॉक्टर काय म्हणणार ते मला माहीत आहे. तपासायचा, चिठ्ठी लिहायचा आणि गाडीचा परवाना जायचा. या खोऱ्यात गाडी नाही म्हणजे माणूस घरात पुरला. दुकान अठरा किलोमीटर. गुन्व्होरला चालवता येत नाही, ती कधी शिकलीच नाही, मी होतो ना! मग आम्ही काय करायचं? मुलीच्या गावी जाऊन तिसऱ्या मजल्यावर बसायचं?

अंधारात चालवत नाही मी. ते सोडलंय. रानातलं कामही सोडलं. आणखी काय सोडू? दिवसा मला व्यवस्थित दिसतं. दिवसा काहीच अडचण नाही. आता दिवसही मोठा होत चाललाय.

११ फेब्रुवारी

हाल्वोर येऊन गेला. बाम्सेने परवा एक जखमी नर शोधून काढला म्हणे, तासाभरात. ब्राऊन चीज लावून लेफ्साच्या चार मऊ पोळ्या खाल्ल्या त्याने, आणि जाताना अंगणात थांबून म्हणाला, "गाडी कोण चालवतं रे हल्ली?"

"मीच. दिवसा."

"गुन्व्होर शेजारी बसते ना?"

"मग काय टपावर बसेल?"

तो हसला नाही. "जपून, म्हाताऱ्या," म्हणाला आणि गेला. त्याच्या काळजीचाही आता कंटाळा येतो मला.

१९ फेब्रुवारी

आज सिग्नीला फोन मीच केला. धडक माझ्या गाडीची.

भर दुपार, लख्ख ऊन, सरळ रस्ता. गुन्व्होर इस्पितळात आहे, खांदा आणि बरगड्या. जिवाला धोका नाही म्हणतात. एल्क धावत आली नव्हती, डावीकडून सावकाश चालत आली. "थांब!" गुन्व्होर ओरडली. मग पुन्हा, "अरे थांब, थांब!"

मी विचारलं, "कशासाठी?"