आठ नंबरची बरणी

सोमवार, ६ जानेवारी १९९७

माझ्या हातांनी केलेल्या आणि आज नव्या टेबलावर मांडलेल्या वस्तू: पितळी जाळीच्या चाळण्या तीन, पैकी सर्वांत बारीक अर्ध्या मिलिमीटरची. घड्याळाच्या स्प्रिंगा घासून केलेले चिमटे चार. जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाचा, मान वळणारा स्टँड एक. मोजणीचं सागवानी तबक, ऐंशी घरांचं. आणि मांजराच्या मिशीचा कुंचला एक. मांजराला इजा केलेली नाही; मिशी गळून पडलेली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख श्रीनिवास साहेब, एम. एस्सी., यांनी चिमटा उचलून विचारलं, कुठून मागवला. म्हटलं, गुलमंडीवर पंचवीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, मागवायची सवय नाही. हसले. माणूस चांगला वाटला.

माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस सालचा, शिक्षण वेरूळच्या शाळेत सातवी. पुढचं सगळं कॉलेजातले सूक्ष्मदर्शक दुरुस्त करता करता, तिथल्या रद्दीत निघालेल्या पुस्तकांवरून. समुद्राच्या गाळातल्या किड्यांची दोनशे बारा नावं मला तोंडपाठ आहेत. इथल्या एम. एस्सी. साहेबांना ऐंशी येत असतील.

काम असं. मालकांचा एक कारखाना इथं औरंगाबादेत चिकलठाण्याला आहे, दुसरा कोकणात समुद्रकाठी काढायचा आहे. त्याचं सांडपाणी नळाने समुद्रात सोडायचं. त्याआधी सरकारला दाखवावं लागतं की त्या तळाशी काय काय जगतं. बारा जागा ठरवल्या आहेत. आठ नंबरच्या जागी नळाचं तोंड येणार. बोटीतून लोखंडी जबडा सोडून तळाचा गाळ उचलायचा, चाळायचा, औषधात घालून बरणीबंद करून इकडे पाठवायचा. प्रत्येक जागेचा गाळ तीनदा. त्यातला जीव न् जीव वेचून मोजायचा तो मी. जीव भरपूर निघाले तर नळाला परवानगी नाही. तिथल्या कोळ्यांचा सगळा भरवसा या आकड्यावर.

समुद्र मी पाहिलेला नाही. त्याचा तळ मात्र आजपासून माझ्या टेबलावर आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

एक ते चार नंबर झाले. गाळ राखाडी येतो. इथं आल्यावर त्यात मी गुलाबी रंग टाकतो. ज्याला मांसाचं अंग असतं ते रात्रभरात गुलाबी होतं, रिकामे शंख आणि वाळू तशीच राहते. मग वेचायला सोपं. बोटीवर हा रंग नेत नाहीत, तो फक्त माझ्या कपाटात असतो.

उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून गुलाबी झालं. साबण, लिंबू, रॉकेल, काही चालत नाही. झाडलोट करणारी साळूबाई म्हणाली की मेंदी काढून आलाव व्हय, नवरदेव. आधीच्या बद्रीनाथ भाऊंचंही असंच होतं म्हणे, चार-चार महिने जात नसे. ते कुठं असतात विचारलं तर राजीनामा दिला म्हणाली, आणि बादली उचलून गेली.

मंगळवार, १४ जानेवारी

साळूबाईने तिळगूळ दिला. साहेबांनीही.

आज आठ नंबरची पहिली बरणी. आमच्या कामाचा एक नियम आहे: किडा तुटला तर फक्त डोकं मोजायचं. शेपटाचे दहा तुकडे होतात, डोकं एकच. म्हणून डोकं असेल तरच एक जीव.

आठ नंबरात शेपटं चारशेच्या वर. डोकी शून्य.

दुसरी बरणी उघडली. शून्य. नियमाने आठ नंबरचा तळ मेलेला आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

तीन दिवस भिंगाखाली बसलो. किडा आपोआप तुटतो तेव्हा कड लोंबते. ही कड सरळ आहे, पात्याची. डोकं तोडून उचलून नेलंय. बोटीवर इतकी डोकी कोण वेचत बसणार? हे टेबलावरचं, दिवसच्या दिवस खाणारं काम आहे.

म्हणजे इथलं.

समुद्रापासून इतक्या लांब, ट्रक भाड्याने गाळ आणून औरंगाबादेत का मोजतात, हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडायला हवा होता. इथं विचारायला येणार कोण?

न मोजलेल्या नऊ नंबरच्या बरणीला झाकणाखाली काळा दोरा बांधून ठेवला. तीन वेढे.

सोमवार, २० जानेवारी

दोऱ्याला चार वेढे आहेत.

तीनच दिले होते. मी चुकत नाही. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. साहेब आज फार गोड बोलले. माझ्या चाळणीचं कौतुक केलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. बायको माहेरी सिल्लोडला गेलीय, हे मी का सांगितलं?

गुरुवार, २३ जानेवारी

दुपारी फाटकाशी एक बाई उभी होती. आवडाबाई, दौलताबादची, बद्रीनाथची बायको. वॉचमन आत सोडेना, मीच बाहेर गेलो. नवरा नोव्हेंबरात समुद्रावर गेला, म्हणाली. आठ नंबरचा आकडा चुकीचा लावतात असं त्याचं म्हणणं होतं, तर साहेबांनीच सांगितलं की चला बोटीवर, तुमच्यासमोर गाळ उचलू. तेव्हापासून पत्ता नाही.

"हितं म्हणत्यात राजीनामा दिला. राजीनामा देऊन माणूस घरी येतो का नाय, दादा?"

ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. सोमवारी या, म्हटलं, तोवर शोधून ठेवतो. शब्द दिला.

शनिवार, २५ जानेवारी

तिसरी खेप ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकून होती. सकाळी आठला मी स्वतः सायकलवर जाऊन आठ नंबरची बरणी आणली. कारखान्याचं सील शाबूत. चिठ्ठीवर तारीख १९ डिसेंबर. बद्रीनाथ गेल्यानंतरची.

साहेब यायच्या आत चाळली. डोकी तीनशे चौदा. दोनदा मोजली. किडे, शिंपल्यांची पिल्लं, केसाएवढ्या पायांचे तारे, सगळं नांदतं गाव. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो.

मग चाळणीच्या कडेला ते दिसलं. शिंपल्याचं टरफल समजून चिमट्याने उचललं.

नख. माणसाचं, अंगठ्याचं, अखंड. मुळापासून गुलाबी.

रंग मी अजून टाकलेला नव्हता. बाकी सगळा गाळ राखाडी होता. माझा अंगठा शेजारी धरून पाहिला. एकच रंग.

कुपीत ठेवलं. आणि संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं: "जागा ८, बरणी ३. जीव ३१४. मानवी नख १, रंग टाकण्यापूर्वीच गुलाबी." बरणीत निघेल ते लिहायचं, एवढं मला ठाऊक. पंचवीस वर्षांत एक स्क्रू नोंद केल्याशिवाय ठेवला नाही.

नोंदवही रोज साहेबांच्या सहीला जाते, हे लिहून झाल्यावर आठवलं. तोवर शिपाई घेऊन गेला होता.

सोमवार, २७ जानेवारी

नोंदवही परत आली. सही आहे. शेरा नाही. नखाच्या ओळीखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ.

कुपी कपाटात नाही.

आवडाबाई आली होती म्हणे. वॉचमनने तिला सांगितलं की पुंजाराम नावाचा कुणी, म्हणजे मी, इथं कामाला नाही. मला हे साळूबाईने कुजबुजून सांगितलं, आणि वर म्हणाली की उद्यापासून कामावर येऊ नका, भाऊ. मी म्हटलं, मोजणी अर्धी टाकून मी उठत नाही. ती रडायला लागली.

मंगळवार, २८ जानेवारी

पोलिसांत जायला निघालो. काय दाखवणार? कुपी नाही. नोंदवही होती टेबलावर, घ्यायला परत फिरलो — ते पान कापलेलं. सरळ कड. पात्याची.

फाटकाशी वॉचमनने सायकल अडवली. साहेबांनी बोलावलंय.

साहेबांनी चहा मागवला. आकड्याबद्दल एक अक्षर नाही. सावकाश म्हणाले, "पुंजारामजी, एकदा बोटीवर चला. तुमच्यासमोर गाळ उचलू."

हेच शब्द. हेच.

बुधवार, २९

घरी जाऊ दिलं नाही. मोजणी संपेपर्यंत इथंच राहा म्हणाले, गादी आणून दिली. साळूबाई आली नाही. दुसरीच बाई झाडत होती, माझ्याकडे न बघता.

फोनची वायर काढलीय. खिडकीला गज. बाहेर हात घालून पाहिला, जेमतेम वहीएवढी फट.

काल रात्री — नाही, सकाळीच — साहेब माझा अंगठा बघत होते. माझ्याकडे नाही. अंगठ्याकडे.

गुरुवार, ३०

मालकांचा माणूस आला. बॅग टेबलावर, माझ्या तबकाच्या बाजूला. एक कागद, आठ नंबर शून्य, खाली माझ्या सहीची जागा. घ्या म्हणाला, बद्रीनाथने उगाच मान ताठ ठेवली. एवढंच. नाव त्यानेच घेतलं —

नाही म्हटलं.

शुक्रवार

जीप आली. दुपारचे बारा दहा. इंजिन बंद केलेलं नाही.

दोघं आहेत. तिसरे साहेब. कुलूप काढतायत — ही वही गजातून बाहेर टाकतो, ज्याला सापडेल त्याने दौलताबादला आवडाबाईला द्यावी. तिचा नवरा आठ नंबरला आहे. जीव ३१४, शून्य नाही, मी दोनदा मोजले. शून्य लिहायला मला देत होते ते मी घेतलं नाही, तेही नीट लिहून ठेवतो, रोख रुपये एक लाख चाळीस हजार आणि वर