मावशीची चाळणी

३ फेब्रुवारी
लागलं काम! मोजणीवाला. ओहोटीला चिखलात दोरी ताणायची, वीस-वीस पावलांवर लोखंडी चौकट टाकायची, आतला चिखल खणून चाळायचा, निघतील त्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मोजायच्या — मोठ्या वेगळ्या, पिल्लं वेगळी. साहेब म्हणाले, "शिक्षण?" म्हटलं, "आकडे येतात." चाललं! राहायला एका मावशीकडे. नात्याची नाही, तिसऱ्या काढून पोट भरते. जीभ मात्र सख्ख्या मावशीची.

५ फेब्रुवारी
पहिल्याच चौकटीला कंबरडं मोडलं, चाळून होईना. ऑफिसची चाळणी सारखी तुंबते. मावशी हसली. "अरे, पीठ चाळतोस का चिखल? ही घे माझी." झटकली की मोकळी! दुपारपर्यंत अकरा चौकटी. बारावीला एका खेकड्याच्या मागे लागलो, राहिलीच.

९ फेब्रुवारी
चिखलाने बूट गिळला. एकच. दुसऱ्याचं काय करू?

१४ फेब्रुवारी
मोजणी संपली. मोठ्या भरपूर, पिल्लं शून्य. साहेब कागद बघून म्हणाले, "पिल्लं नाहीत म्हणजे पुढे काहीच नाही." मी मान हलवली — शहाण्यासारखी.

२ मार्च
तिसऱ्या काढायला बंदी! तीन वर्षं. किनाऱ्यावर पाटी लागली, खड्डा मलाच खणायला लावला. मावशी समोर उभी. "बारक्यांना आम्ही कधी हात लावला नाही हो साहेब. माझ्या आईपासून. मग गेली कुठे?" साहेब म्हणे, "बाई, आकडे खोटं बोलत नाहीत." मेला! गुडघाभर चिखलात कधी उतरलाय? घरी मावशीने पान वाढलं, शिवी एक दिली नाही. तेच जास्त लागलं.

६ मार्च
मावशी आता लोकांची भांडी घासते. चिखलाने न फाटलेले हात साबणाने फाटले. "तुझं काम झालं ना रे? मग गोचिडासारखा चिकटून का बसलायस?" खरंय. निघावं. मी टिकलोय कुठे! साहेबाला चार शिव्या हासडायच्या आणि गाडी पकडायची.

७ मार्च
बॅग भरताना खाटेखाली ऑफिसची चाळणी सापडली. भोकात काडेपेटीतली काडी जाईना. मावशीची दाराशी टांगलेली — तिच्यातून माझा अंगठा आरपार गेला.

पिल्लं होती. रोज माझ्याच पायाशी पडत होती.

मावशी चपला घालतेय. साहेबाला नंतर सांगेन. आधी तिला.