इनासच्या कुमसाराला मी गात होते

मी, श्रीमती रेमेत इनास तुस्कानो, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, शिक्षण चौथी, राहणार टेमघर, भिवंडी, माझ्या मागे काय कोणाला जावं ते माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरी कोणाला शंका असेल तर त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब टाकणारा दोन वर्षांपूर्वी वारला.

वकीलसाहेबांनी एक मसुदा टाइप करून दिला होता. त्यात मी "प्रेम व आपुलकीपोटी" मालमत्ता देते असं होतं. ते मी खोडलं. साहेब म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात कारणं लिहीत नाहीत." मी म्हटलं, कारणं कोणी बोललं नाही म्हणूनच आमच्या घराचं हे झालं. मी कारणांसकट लिहिणार.

कलम १. टेमघरच्या चाळीतली माझी दोन खोल्यांची जागा, वरच्या पोटमाळ्यासकट, माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझं लग्नातलं सोनं मोडून ती घेतली. कागदावर माझं नाव लागलं ते इनासच्या प्रेमाने नाही, माझे वडील कचेरीत येऊन बसले होते म्हणून. ही जागा माझी मुलगी रूपा केसरीनाथ पाटील, राहणार दिघाशी, तालुका भिवंडी, हिला पूर्ण मालकीने मिळावी. माझा मुलगा विल्सन याचा या जागेत वाटा नाही. का नाही ते कलम ३ मध्ये आहे. तिथवर वाचायच्या आधी त्याने आरडाओरडा करू नये.

कलम २. शिलाई मशीन सुनेला. तिच्यावर माझा राग नाही, ती या घरात नंतर आली. लाल लुगडं आणि गळ्यातली माळ रूपाच्या मुलीला, उन्नतीला. आजकालची पोर लुगडं नेसणार नाही हे मला कळतं. नेसू नये, पण त्याच्या पिशव्या शिवू नयेत. इनासची पाने-पकडींची पेटी विल्सनला. इनास लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, फिटर होता. अख्ख्या चाळीचे पंखे त्याने नीट केले, आमचा मात्र शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. पंखाही विल्सनलाच.

कलम ३. आता कारण.

रूपाने सोळा वर्षांपूर्वी केसरीनाथशी लग्न केलं. तो आगरी, दिघाशीचा, कारखान्यावर सुताचा टेम्पो घेऊन यायचा. लग्न कोर्टात झालं, चर्चमध्ये नाही. इनास चर्चच्या कमिटीवर होता. "माझं नाक कापलं," म्हणाला. मीही चार दिवस चूल पेटवली नाही. पाचव्या दिवशी माझा राग उतरला, कारण राग धरून पोट भरत नाही. मी इनासला म्हटलं, "जा, दोघांना घेऊन ये. मी मटण टाकते."

तो गेला. संध्याकाळी एकटाच परत आला. "न्हाय येत ती. म्हणते, आईचं तोंड बघणार न्हाय."

नाताळला पाठवला, तेव्हा हेच. सणाला पाठवला, हेच. उन्नती झाल्याचं कानावर आलं तेव्हा मी मेथीचे लाडू बांधून दिले. लाडू तो परत घेऊन आला. पुढे आठवडाभर आम्हीच खाल्ले.

तिकडे तो रूपाला काय सांगत होता? "आई म्हणते, तू उंबऱ्यावर पाय ठेवलास तर ती जीव देईल." ती फोन करायची तो फोन इनासच्या खिशात. तो अंथरुणाला खिळल्यावर विल्सनच्या खिशात. इनासच्या मातीलाही ती आली नाही, तो निरोपही विल्सनच्याच हातात होता.

हे मला कसं कळलं ते सांगायला आमची रीत सांगायला हवी. कुमसार म्हणजे फादरसमोर बसून आपलं पाप सांगणं. फादर देवाच्या नावाने माफी देतात आणि प्रायश्चित्त म्हणून जप देतात. शेवटी आपण प्रार्थना म्हणतो, त्यात "पुन्हा पाप करणार नाही" असं येतं. हे वकीलसाहेबांना ठाऊक नव्हतं, म्हणून लिहिलं. आमच्या चर्चमध्ये कोपऱ्यात एक खुर्ची, मध्ये लूमच्या जाड्याभरड्या कापडाचा पडदा, आणि बाकीचे समोर बाकांवर पाळीची वाट बघत बसलेले.

आता भिवंडीची गोष्ट अशी, की जन्मभर लूमच्या खडखडाटात काम केलेल्या माणसाचे कान जातात. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो जगाला ओरडून सांगतो. असा माणूस कुमसाराला बसला की त्याचं पाप रस्त्यापर्यंत जायचं. दुसऱ्याचं कुमसार ऐकणं वाईट. म्हणून आम्ही बायका लगेच गाणं धरायचो. आमच्यात त्याला बहिऱ्यांचं गाणं म्हणतात. पहिली ओळ माझी, कारण गळा माझा मोठा. इनास बसला की मी आणखी वर चढवायची. मला वाटे, दारूचं सांगत असेल. नवऱ्याची लाज बायकोने झाकावी असं मला आईने शिकवलं होतं. शेजारची मोतान पहिल्या बाकावर, पडद्याला लागून बसायची. माझं कडवं संपत आलं की कोपर मारायची, "रेमेत, अजून एक घे." मी समजत होते, तिला माझा आवाज आवडतो.

यंदा उपवासकाळात चर्च झाडायच्या पाळीवरून आमची जुंपली. मी म्हटलं, "तुझ्या घरी लेकी-सुना राबायला आहेत. माझी पोर तर मला विचारत न्हाय."

तेव्हा ती बोलली. "पोर विचारत न्हाय म्हणून रडतेस? तुझा नवराच तिला येऊ देत नव्हता. तुझं तिला खोटं सांगायचा, तिचं तुला. दर महिन्याला तेच कुमसार! तुझं घर झाकता झाकता आमचे घसे बसले."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या बाकाला सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"कुमसारातलं बाहेर बोलू नये. पाप लागतं."

फादरने बोलू नये हे मला मान्य. त्याची तशी शपथच असते. पण मोतानला कोणी दीक्षा दिली होती?

घरी येऊन मी विल्सनला धरलं. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "मम्मी, पप्पांनी कुमसार केलं होतं. फादरने माफ केलं. विषय संपला."

"आणि तू?"

"मी पण केलंय."

"म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं."

"पप्पांनी शपथ घातली होती गं. आणि ताई आली असती तर तिने घरात वाटा मागितला असता. तू भोळी आहेस, तुला कळत न्हाय."

हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि त्यालाच कळलं की जायला नको होतं. पुढच्या शनिवारी जाऊन त्याने त्याचंही कुमसार केलं. हलका होऊन आला, तोंड धुतलं आणि चहा मागितला. त्याचा बाप कुमसारावरून यायचा तो असाच. मला वाटायचं, बरं झालं, माणूस शांत झाला. शांत होऊन पुढच्या रविवारी तो दिघाशीला जाऊन तेच खोटं पुन्हा सांगत होता.

इनासने देवाची माफी मागितली. ज्या दोघींचं नुकसान केलं त्यातल्या एकीचीही मागितली नाही. मी तर त्याच खोलीत झोपत होते. हाक मारली असती तरी पुरलं असतं.

कलम ४. आमचे जुने फादर वारले. त्यांच्या नावाने दर वर्षी एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, लावावी. खर्च माझ्या बँकेतल्या ठेवीतून आधी काढावा. इनासच्या नावाने लावू नये, त्याला माफ्या भरपूर मिळाल्या आहेत.

जुन्या फादरांसाठी का, ते सांगते. इनास उठला की त्याच खुर्चीत मी बसायची. माझंही कुमसार दर महिन्याला एकच होतं, "मी माझ्या लेकीला शाप दिला." इकडे नवऱ्याचं खोटं ऐकायचं, तिकडे त्या खोट्याने जळणाऱ्या बायकोचं ऐकायचं, आणि दोघांनाही काही बोलता येऊ नये. त्या माणसाने ते कसं सोसलं असेल? एकदा मला म्हणाले, "रेमेत, या वेळी जप नको. दिघाशीला जाऊन ये, तेच तुझं प्रायश्चित्त." मला राग आला. म्हटलं, लेकीने यावं की आईने? घरी येऊन मी अख्खी जपमाळ म्हटली आणि प्रायश्चित्त केलं असं समजले. त्यांनी कोणाचं काही फोडलं नाही. फक्त जा म्हणाले होते. मी गेले नाही.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला कोणीही गाणं म्हणू नये. फादर बोलतील तेवढं पुरे. मोतानला यायचं असेल तर यावं, शेवटच्या बाकावर बसावं.

इथपर्यंत भिवंडीत लिहिलं. वकीलसाहेब म्हणाले, "आता दोन साक्षीदार आणा, तुमच्या विश्वासाचे." मी घरी येऊन विचार करत बसले. ज्यांना ज्यांना हाक मारता येईल ते सगळे त्या बाकांवर बसलेले. शेवटी कागद पिशवीत घातले आणि आज सकाळी दिघाशीची बस धरली. पुढचं रूपाच्या ओट्यावर बसून लिहिते आहे.

ती दारात तांदूळ निवडत होती. केस पिकलेत तिचे. "कोण पाहिजे?" म्हणाली, आणि मग ओळखलं. उठली नाही.

"जीव देणार होतीस ना मी आले तर? मग तू कशी आलीस?"

मी कागद पुढे केले. तेव्हा ती उठली आणि उभ्यानेच वाचू लागली. केसरीनाथने खुर्ची आणून सावलीत ठेवली. "आय, बस. ऊन लय हाय." मी या माणसाला सोळा वर्षं शिव्या दिल्या. माझ्यासाठी खुर्ची आणणारा आजच्या दिवसात तोच एक भेटला.

वाचून झाल्यावर रूपा म्हणाली, "सोळा वर्षं तू त्यांच्यावर विश्वास ठेवलास?"

"ठेवला."

"बसने यायला किती वेळ लागला?"

"तासभर न्हाय लागला."

"तासभर पण न्हाय, आई."

आतून उन्नती पाणी घेऊन आली. नाकाने इनासवर गेली आहे बिचारी. तिने विचारलं, "मम्मी, ह्या कोण?" रूपा म्हणाली, "माझी आई." तुझी आजी, असं म्हणाली नाही. मी पाणी प्यायले.

मग ती म्हणाली, "घराचं नंतर बघू. विल्सनला सांग, मला तोंडाने सांगायला ये. फादरला न्हाय, मला." म्हणून पुढचं कलम घातलं.

कलम ६. बँकेतली माझी ठेव विल्सनला मिळावी, पण एका अटीवर. त्याने दिघाशीला येऊन रूपासमोर, तिच्या नवऱ्याच्या आणि मुलीच्या देखत, काय काय लपवलं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. चांगलं मोठ्याने सांगावं. इथे त्याचा आवाज झाकायला कोणी गाणार नाही. फादरकडे केलेलं कुमसार या कामी धरू नये. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात तो आला नाही, तर ठेव उन्नतीची.

कलम ७. वकीलसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जे आपल्या मालकीचं तेवढंच मृत्युपत्राने देता येतं. तर विल्सनला, मोतानला आणि मेलेल्या इनासला माफी द्यायची की नाही, हे मी लिहीत नाही. रूपाच्या वाटणीची माफी रूपाची आहे. माझ्या वाटणीची मी कोणालाही दिलेली नाही, आणि माझ्या मागे कोणी माझ्या नावाने वाटू नये. फादरनेसुद्धा.

राहिली मला माफ करण्याची गोष्ट. तीही रूपाचीच. मी मघाशी ओट्यावरच तिला विचारलं. जप सांगितला असता तर सोपं झालं असतं. ती तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी ये. परत विचार."

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या समक्ष सही केली. केसरीनाथ सही करायला पेन घेऊन उभा होता, पण ज्याच्या बायकोला घर मिळतं त्याची साक्ष चालत नाही असं साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून शेजारचे बोलावले. मी त्यांना ओळखत नाही. तेच बरं.

सही: रेमेत इनास तुस्कानो

साक्षीदार १: चांगदेव भोईर, शेती, दिघाशी. बाईंनी आमच्या समोर सही केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार २: आनंदीबाई तरे, घरकाम, दिघाशी. वरीलप्रमाणे.

ठिकाण: दिघाशी, तालुका भिवंडी
तारीख: २७ एप्रिल २०२५, रविवार