ग्वाल्हेरला गेलेली किल्ली

अण्णा,

माझा वरचा जबडा अजून अरुंदच आहे. एवढ्या वर्षांनी बापाला कळवावी अशी ही काही मोठी खबर नाही, पण तुम्हाला त्याचीच काळजी होती, म्हणून सांगते. समोरचे दात एकमेकांवर चढलेलेच राहिले, झोपेत तोंड उघडंच असतं. "तोंड मिट गं, माशी जाईल," असं तुम्ही सारखे ओरडायचात. मग तुम्हीच मला तुकोगंजला दातांच्या डॉक्टरकडे नेलंत. त्यांनी टाळूला बसेल अशी गुलाबी प्लेट करून दिली, मधोमध चिरलेली, चिरेत बारका स्क्रू. दर रविवारी तारेच्या किल्लीने तो जरासा फिरवायचा, की प्लेट रुंदावते आणि हळूहळू जबडाही. "उम्र यही है साहब, बाद में हड्डी मानेगी नहीं," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन तुम्ही आईला ते परत परत ऐकवलंत.

आईला बघवायचं नाही. ती चुलीकडे तोंड करून बसायची. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसता, सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर ओढता. कपाटाची, ट्रंकेची, सगळ्या किल्ल्या जानव्यालाच, त्यांतच ही चिमुकली. स्क्रू फिरवून प्लेट माझ्या हातात देता, मी ती टाळूला दाबून बसवते. नाकापर्यंत कळ जाते, डोळ्यांत पाणी येतं. "हो गया, हो गया, बस," तुम्ही म्हणता. लाडात आलात की तुम्ही हिंदीवर यायचात. मग गुळाचा खडा, आणि वर ताकीद, चावायचा नाही.

तेव्हा मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायचं, आणि फायलींच्या मागोमाग तुम्हीही. दिवाळी झाली, दफ्तर हललं, तुम्ही गेलात. रविवारी आई किल्ली शोधायला लागली आणि तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई, जानव्याबरोबर गेली की!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. तुम्हीही पत्रात स्वतःला गाढव म्हणवून घेतलंत. पोस्टात हरवेल, कोणी इकडे येणारा भेटला की त्याच्या हाती देतो, असं लिहिलंत.

तार पोचली तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. छातीत कळ आली म्हणे, दवाखाना गाठेपर्यंतही निभाव लागला नाही. काही दिवसांनी तुमच्या दफ्तरातले काका तुमची ट्रंक घेऊन आले. ट्रंकेला कुलूप होतं. आई भिंतीला टेकून बसलेली, म्हणून मीच विचारलं, "काका, किल्ल्या?" ते ट्रंक भिंतीशी सरकवत म्हणाले, "बेटा, जानवं अंगावर तसंच राहू दिलं आम्ही. त्याला किल्ल्या आहेत हे कोणाच्या ध्यानातच नाही आलं." शेजारच्या भियांनी, मोठ्या भावासारखे होते ते, दगड घालून कुलूप तोडलं. आतून कोट निघाला, चष्मा निघाला. मी उभी राहून बघत होते, आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही.

पोर धक्क्याने सुन्न झाली आहे, रडेल हळूहळू, असं बायका म्हणाल्या. मी पण वाट बघितली. लग्न झालं, मुलं झाली, आई गेली, तिच्यासाठी मात्र पोटभर रडले. तुमच्यासाठी नाही आलं रडू, काय करू! सुतकात प्लेट घाल असं कोणी म्हटलं नाही, नंतर घालून बघितली तर बसेना, जबडा पुन्हा आवळला होता. दुसरी करवायला तुम्ही नव्हता, आणि घरात माझ्या टाळूची कोणाला पडली होती? आईला मी दोष देत नाही.

परवा नातीला पलासियाच्या दवाखान्यात नेलं होतं. जबडा अगदी माझा घेतलाय पोरीने. आता तो स्क्रू दाढांना पक्का चिकटवतात, तोंडातल्या तोंडातच फिरवायचा असतो. डॉक्टरीणबाईंनी किल्ली माझ्यापुढे धरली. "दादीजी, रोज एक बार घुमाना है, आप कर लेंगी ना?" मी म्हटलं, मला जवळचं दिसत नाही, माझ्या सुनेला दाखवा. आता सून फिरवते आणि मी तेवढा वेळ गच्चीवर जाऊन उभी राहते.

मला जवळचं चांगलं दिसतं, अण्णा. सुई मी अजून चष्म्याशिवाय ओवते.